शुक्रवारचं पाणी

हिस्के टिल्माला कुणी विचारलं, की लहानपणीचा सगळ्यात सुखाचा काळ कोणता, तर ती आधी खिडकीबाहेर बघते. उत्तर माहीत नाही असं नाही. दहा दिवस. एकसष्ट सालच्या उन्हाळ्यातले, डेन्मार्कच्या एका टीचभर बेटावर, वाळूत बसलेल्या बोटीवरचे. पण सांगायला तोंड उघडलं की ती विषयच बदलते. कारण त्या दहांपैकी चार दिवस तिनं चोरलेले होते, आणि चोरीचा माल कितीही गोड लागला तरी चारचौघांत मिरवता येत नाही.

बोटीचं नाव त्राइन. हेइतच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, आजीचं ते नाव. आजी जशी होती म्हणतात तशीच बोट होती: रुंद, बसकी, कुणाच्या बापाला न भिणारी. तळ ताटासारखा सपाट, वाऱ्यानं आडवी सरकू नये म्हणून दोन्ही कुशींना लाकडाच्या दोन भल्यामोठ्या, वर-खाली होणाऱ्या फळ्या, वर तपकिरी शीड. त्यांच्या मुलखाच्या, फ्रीसलंडच्या, किनाऱ्यानं बटाटे, विटा, शिंपल्यांचा चुना वाहून नेत तिनं तीन पिढ्या पोसल्या. मागच्या टोकाला एक खोली होती. तिच्यात चूल, दोन कपाटवजा बिछाने आणि टेबल. हेइत आत आले की मान वाकवूनच उभे राहायचे, म्हणून मेम म्हणायची, "बाहेर कुणापुढे वाकत नाही ना, इथे वाकतोस तेवढं बरं आहे."

मेम म्हणजे आई. तिचं नाव बाउक्ये, हेइतचं सिप्के. ती जमिनीवरची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न करून बोटीवर आली तेव्हा तिला वाटलं होतं वर्षभरात सवय होईल. अकरा वर्षं झाली. तीन पोरं झाली. हिस्के नऊ वर्षांची, वोप्के सहा वर्षांचा आणि रिन्स्के जेमतेम दीड वर्षाची. सवय काही झाली नाही, पण तक्रार करायलाही फुरसत झाली नाही.

फ्रीसलंडचा समुद्र म्हणजे दिवसातून दोनदा घर सोडून जाणारा आणि दोनदा मुकाट्यानं परत येणारा. पाणी ओसरलं की मैलच्या मैल वाळू आणि चिखल उघडा पडतो. तिथला नावाडी त्याला भीत नाही. भरतीला बोट मुद्दाम उथळावर नेतो, पाणी गेलं की बोट वाळूवर अलगद बसते, मग खाली उतरून तळ खरवडायचा, कालवं वेचायची, पोरांना मोकळं सोडायचं. सहा तासांनी पाणी येतं, बोट उचलतं, चला पुढे. हेइतना त्यासाठी घड्याळ लागत नसे. पाणी यायच्या आधी पाव तास त्यांचे डोळे आपोआप उघडत. मेम म्हणायची, "पोरगं रडलं तर या माणसाला ऐकू येत नाही, आणि अर्ध्या मैलावर पाणी वळलं तर ताडकन उठून बसतो."

मग ट्रक आले. बटाटे रस्त्यानं जायला लागले. आणि दुसरी गोष्ट, खरी गोष्ट, म्हणजे वसतिगृह. बोटीवरच्या पोरांना शाळा कुठली? सात वर्षांची झाली की नावाड्यांच्या मुलांच्या वसतिगृहात टाकायची, सुट्टीत भेटायचं, अशी रीत. हिस्के दोन वर्षांपूर्वी गेली. ती गेली त्या दिवशी मेमनं पोरीच्या रिकाम्या बिछान्यात बटाट्याची पोती रचली, उगाच, रिकामं दिसू नये म्हणून. सप्टेंबरात वोप्केला न्यायचं होतं. सहाच वर्षांचा होता, पण शाळेचं बोलावणं आलं होतं. मेमनं ते पत्र टेबलावर आपटलं.

"एक पोर दिलं मी. दुसरं देणार नाही."

"अगं, सगळ्यांचीच जातात."

"सगळ्यांचं मला सांगू नकोस, सिप्के. बोट विक. घर घे. घराला दार हवं, आणि त्या दारातून माझी पोरं दुपारी जेवायला आली पाहिजेत. बस्स."

हेइत तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. हँबुर्गच्या एका दातांच्या डॉक्टरनं पत्र पाठवलं. त्याला जुनी लाकडी बोट हवी होती, हौसेसाठी. सुट्टी घालवायला तो डेन्मार्कात स्वेन्बोर्गला असणार होता. बारा ऑगस्टला, शनिवारी, दुपारपर्यंत बोट तिथे आणून दाखवा, नाहीतर दुसरी एक बघून ठेवली आहे, असं त्यानं स्वच्छ लिहिलं होतं. बोट गेली की घर, घर आलं की हेइतना दुधाच्या कारखान्यात नोकरी, आणि वोप्के आईपाशी. साखळी इतकी सरळ होती.

हिस्केला यातलं काय कळलं? फक्त एवढंच, की त्राइन विकणार. घर, शाळा, वोप्के, हे सगळं मोठ्यांचं बोलणं तिच्या डोक्यात दुसऱ्याच कप्प्यात जाऊन पडलं. त्या दोन कप्प्यांमधलं दार तिनं कधी उघडलंच नाही.

तर अशी ती शेवटची सफर. मालाऐवजी पोरं भरलेली. आयुष्यात पहिल्यांदा त्राइनच्या पोटात बटाटे नव्हते, आणि तिथे वोप्के दिवसभर आरोळ्या ठोकून प्रतिध्वनी ऐकत बसायचा. वर यायचं तर कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक डोलकाठीला. रिन्स्के बटाट्याच्या खोक्यात. जर्मन किनाऱ्यानं बेटांच्या मागून मागून, एल्बच्या मुखातून, मोठ्या कालव्यानं पलीकडे पूर्वेच्या समुद्रात. कालव्यात इमारतीएवढाली जहाजं शेजारून जात, आणि वोप्के प्रत्येक जहाजाला हात करून ओरडे, "आम्ही विकायला चाललोय!" हेइत तोंड फिरवून घेत. मेम म्हणे, "अरे, गप्प बस की जरा, मेल्या."

पलीकडचा समुद्र वेगळाच निघाला. स्वच्छ, गोडसर, तळ्यासारखा. काठावर हंस. हिस्केनं हंस समुद्रावर कधी बघितले नव्हते. आणि भरती-ओहोटी नाहीच. हेइतना हे माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी स्वतः मेमला नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं, "इथून पुढे पाणी जात नाही, येत नाही. जागच्या जागी." पण डोक्याला माहीत असणं वेगळं आणि हातांना माहीत असणं वेगळं. जित्याची खोड, दुसरं काय.

पाच ऑगस्टला, शनिवारी संध्याकाळी, पूर्वेच्या वाऱ्यावर ते एका चिमुकल्या बेटापाशी आले. लिलहोल्म नाव. पांढरी वाळू, वर गवत, गवतात चार गाई. पोरं तीन दिवस दोरीला बांधलेली, रडकुंडीला आलेली. हेइतनी वाळू बघितली, पोरांकडे बघितलं, आणि वीस वर्षं जे केलं तेच केलं. कुशीच्या फळ्या वर घेतल्या, शीड अर्धं पाडलं आणि त्राइन सरळ वाळूवर चढवली. खस्स आवाज झाला. पोरं टुणटुण उड्या मारत खाली.

मेम तिथेच उभी होती. तिनं विचारलं, "सिप्के, इथे पाणी जात-येत नाही म्हणालास ना?"

"हो."

"मग आपण निघायचं कसं?"

हेइतनी टोपी मागे सारली. मग म्हणाले, "काठी लावून ढकलू सकाळी. त्यात काय."

पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात ते उगाच नाही. त्यांना जे ठाऊक नव्हतं ते असं: या समुद्राला चंद्र हलवत नाही, पण वारा हलवतो. दोन दिवस पूर्वेचा वारा लागून राहिला होता, त्यानं पाणी या कोपऱ्यात ढकलून हातभर वर चढवलं होतं. त्या रात्री वारा फिरला, पश्चिमेचा झाला, आणि ढकललेलं पाणी आल्या वाटेनं निघून गेलं. सकाळी हेइत सवयीनं उठून बाहेर आले. त्राइन कोरड्या वाळूवर ऐटीत बसली होती आणि समुद्र चाळीस पावलांवर, तिच्याशी आपला काही संबंध नसल्यासारखा.

वोप्के डोळे चोळत आला. "हेइत, पाणी केव्हा येणार?"

"सहा..." हेइत म्हणाले, आणि थांबले. सहा तास हा शब्द त्यांच्या तोंडातून अर्धाच बाहेर पडला. आतून मेमचं हसू ऐकू आलं. ती चुलीपाशी बसून पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हेइत रागावले, लाल झाले, आणि मग तेही हसायला लागले. हिस्केनं दोघांना एकाच वेळी, एकाच गोष्टीवर इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

गाईंची मालकीण माऱेन नावाची म्हातारी होती. ती दुधाची किटली घेऊन आली, बोटीला एक प्रदक्षिणा घातली, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय कप्तान, माझ्या कुरणात जहाज पेरलंस? उगवेल का?" ती तिच्या भाषेत बोलायची, हेइत आपल्या. दोन्ही भाषा चुलत बहिणी, निम्मं कळायचं आणि निम्मं हातवाऱ्यांवर भागायचं.

"पाणी कधी येईल हो?" हेइतनी विचारलं.

"वाऱ्याला विचार. मी गाईंचं बघते."

पहिले दोन दिवस हेइतनी फावडं घेऊन चर खणला. बोटीपासून समुद्रापर्यंत. पोरं मदतीला, म्हणजे खणलेलं परत ढकलायला. संध्याकाळी चराच्या कडा आपल्याच वजनानं आत बसत. तिसऱ्या दिवशी माऱेन म्हणाली, "माझ्या गाईचा पाय मोडला तुझ्या खड्ड्यात, तर तुला जुंपीन दुधाचा गाडा ओढायला." हेइतनी फावडं टाकलं. आणि मग काहीच करायला उरलं नाही.

हीच तर गंमत. हेइतना कधी रिकामं पाहिलंच नव्हतं कुणी. आता त्यांना कुठे जायचं नव्हतं, काही वाहायचं नव्हतं. ते वाळूत बसून पोरांना गाठी शिकवू लागले. वोप्केच्या खिशात आठ गाठी मारलेली दोरी कायम. मेमनं सगळे कपडे धुऊन डोलकाठीच्या दोरांवर वाळत घातले, आणि त्राइन एखाद्या जत्रेतल्या तंबूसारखी दिसायला लागली. दुपारी बेटाला पूर्ण फेरी मारायला तासभर लागे. हेइतच्या खांद्यावर रिन्स्के, मेमच्या हातात चपला. एकदा हिस्केनं मागे वळून बघितलं तर हेइत आणि मेम हात धरून चालत होते. तिनं पटकन पुढे बघितलं. मोठ्यांचं असलं काही आपण बघू नये असं तिला वाटलं, आणि पोटात इतका आनंद झाला की ती उगाचच पळत सुटली.

पण शनिवार जवळ येत होता. रोज जेवताना मेम नखानं टेबलावर दिवस मोजायची. "स्वेन्बोर्ग एका दिवसाचा रस्ता. शुक्रवारी पाणी आलं तरी चालेल, सिप्के. शुक्रवारी निघालो तरी पोचतो."

"येईल," हेइत म्हणत.

त्यांनी पहारा लावला. पाणी आलं तर थोडा वेळच राहणार, तेवढ्यात ढकलून निघायला हवं. दिवसा त्यांचं लक्ष असायचं. रात्रीचा पहिला भाग त्यांचा, मग मेमचा. आणि पहाटे चार ते सहा, उजाडत असताना, हिस्केचा. "मोठी झालीस आता," ते म्हणाले, आणि तिच्या हातात पळी आणि पातेलं दिलं. "पाणी सुकाणूला लागलं की बडव. अशी बडव की माऱेनच्या गाईसुद्धा दचकल्या पाहिजेत."

शुक्रवारी पहाटे हिस्के हेइतचा कोट गुंडाळून डेकवर बसली होती. आकाश पांढरं होत चाललं होतं. रोज वारा तिच्या डाव्या गालाला लागायचा. त्या दिवशी उजव्या गालाला लागत होता. हे तिच्या लक्षात आलं तोवर वाळूवर एक चकाकती रेघ सरकत होती. रेघ आली, खणलेल्या चरात शिरली, तिथून दोन्ही बाजूंना पसरली. काही आवाज नाही, घाई नाही. शेवटी पाणी सुकाणूला लागलं. मग फळीला. मग तळाखालून बारीक बुडबुड सुरू झाली, आणि त्राइननं अंग हलवलं, झोपेत कूस बदलावी तसं.

हिस्केनं पळी उचलली.

आणि तिला तो दातांचा डॉक्टर दिसला. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण दिसला. पांढरा कोट, हातात चिमटा. तो त्राइनच्या खोलीत मान वाकवून उभा राहणार, मेमच्या चुलीवर कॉफी करणार. हिस्केचा हात तसाच राहिला. आता बडवते, आता बडवते, असं ती मनात म्हणत होती. बोट तरंगत होती. पायाखाली तिला ते कळत होतं, आणि इतकं बरं वाटत होतं की रडू येत होतं. एका धक्क्याचं काम होतं. एकदाच "हेइत!" म्हणायचं होतं. तिनं पळी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात कोटाच्या बाह्यांत खुपसले.

तासभर पाणी राहिलं. मग वारा मरगळला, आणि पाणी आलं तसं गेलं. त्राइन पुन्हा बसली, आधीच्या खळग्यापासून हातभर बाजूला. हिस्के खाली उतरली आणि ओल्या वाळूवर अनवाणी पायांनी मागे-पुढे चालत राहिली. पोरीच्या अकलेनं तिला वाटलं, की पावलांनी समुद्राची खूण पुसता येईल.

सहाला हेइत बाहेर आले. त्यांनी वाळू बघितली. वरच्या गवतापाशी अडकलेलं ओलं शेवाळ बघितलं. बोट हातभर सरकलेली बघितली. आयुष्यभर वाळू वाचलेला माणूस तो.

"काय गं, काही विशेष?"

"नाही, हेइत."

ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले, आणि चूल पेटवायला आत गेले.

शनिवारी दुपारी बारा वाजले तेव्हा मेम बटाटे सोलत होती. तिनं घड्याळाकडे बघितलं नाही. हेइतनीही नाही. पुढचं पाणी मंगळवारी आलं, भर दिवसा, आणि सगळ्यांनी मिळून आरडाओरडा करत त्राइन ढकलली. माऱेन काठावरून फडकं हलवत होती. स्वेन्बोर्गला पोचले तेव्हा बंदराच्या माणसानं त्यांच्या हातात चिठ्ठी ठेवली. डॉक्टरनं दुसरी बोट घेतली होती. हेइतनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून टोपीत ठेवली आणि मेमला म्हणाले, "माझी चूक. वाळूवर मी चढवली तिला." हिस्के डोलकाठीमागे जाऊन एकटीच नाचली.

नाच तीन आठवडे टिकला.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी त्या कप्प्यांमधलं दार उघडलं. वसतिगृहाच्या पायरीवर वोप्के उभा होता, नवे बूट घातलेला, हातात पेटी. रडला नाही. त्यानं फक्त मेमला विचारलं, "पण बोट विकली नाही ना? मग मी का जायचं?" त्या पोराला साखळी उलटी समजली होती. बोट राहिली म्हणजे आपण बोटीवर राहिलो, असं. मेमनं त्याची टोपी नीट केली, मग परत एकदा नीट केली. हिस्के त्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेली, आणि त्या लांब बोळातून चालताना, एकाएकी, तिला सगळं कळलं. मुलांची झोपायची खोली वेगळी होती. सकाळी न्याहारीला वोप्केचे डोळे सुजलेले असायचे आणि तो पावाच्या तुकड्याला बोटानं भोकं पाडत बसायचा. तीन वर्षं. त्राइनला दुसरं गिऱ्हाईक मिळायला तीन वर्षं लागली.

नाताळच्या सुट्टीत हिस्केला राहवलं नाही. हार्लिंगन बंदराच्या धक्क्यावर मेम बर्फ झाडत होती. हिस्के तिच्यापाशी गेली आणि एका दमात बोलून टाकलं. "मेम, शुक्रवारी पाणी आलं होतं. मी बघितलं होतं. मी हाक नाही मारली."

मेमचा झाडू थांबला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कसं?"

"अकरा वर्षं पाण्याला कान लावून झोपतेय मी. फळीपलीकडे बुडबुड झाली तर मला ऐकू येणार नाही होय? जागी होते मी. तुझ्या पातेल्याची वाट बघत पडले होते."

"मग तू का नाही..."

मेम धक्क्याच्या कडेवर बसली, बर्फातच. "एक दिवस अजून, एवढंच आलं गं मनात. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला सकाळी कुठे जायचं नव्हतं. म्हटलं, अजून जरा वेळ. आता उठते, आता उठते म्हणता म्हणता बोट परत बसली. म्हटलं, दुपारी येईल परत पाणी. नाही आलं."

हिस्केनं भीत भीत विचारलं, "आणि हेइत?"

मेम हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "बोट तरंगली की तुझ्या बापाचं घोरणं थांबतं. त्या पहाटे थांबलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि मी त्याच्या पाठीकडे बघत होते. त्याला वाटलं असेल मी उठवेन. मला वाटलं तो उठेल." तिनं पदरासारखा ॲप्रन उचलून डोळे पुसले. "वोप्केला सांगू नकोस. कधीच. त्याच्यापाशी ते दहा दिवस, तेवढंच आहे."

म्हणजे त्या पहाटे त्राइनवर खरोखर झोपलेला, दीड वर्षाची रिन्स्के सोडली तर, एकटा वोप्के होता. जागे होते ते तिघं गप्प राहिले, आणि किंमत झोपलेल्यानं भरली.

साठ वर्षं हिस्केनं शब्द पाळला. हेइत गेले, मेम गेली. वोप्के मोठा झाला, सुतार झाला, आजोबा झाला. दर उन्हाळ्यात त्याच्या वाढदिवसाला अंगणात टेबल मांडलं की नातवंडं म्हणायची, आजोबा, वाळूची गोष्ट. आणि तो दोन्ही हात पसरून सांगायचा, "दहा दिवस! दहा दिवस पाण्याचा थेंब आला नाही! देवानं धरून ठेवला होता समुद्र, आमच्यासाठी." मग हिस्केकडे वळून, "हो की नाही गं?" आणि ती म्हणायची, "हो रे." दरवर्षी तो "हो रे" तिला जड जायचा, यंदा तोंडातून निघेचना.

पोरं चेंडू घेऊन पळाली. टेबलाशी दोघंच उरली. हिस्के म्हणाली, "वोप्के, पाणी आलं होतं. सहाव्या दिवशी." आणि तिनं सगळं सांगितलं. पळी, पातेलं, मेम, हेइतचं थांबलेलं घोरणं.

वोप्के टेबलावरचा पावाचा चुरा एका बाजूला गोळा करत राहिला. त्याचे हात आता हेइतसारखे झाले होते.

"तीन वर्षं, हिस्के."

"हो."

"उशी तोंडात धरून झोपायचो मी. आवाज जाऊ नये म्हणून. आणि रोज त्या बेटावर जायचो मनात. तेच दहा दिवस."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे!" तो एकदम ओरडला, अंगणातली पोरं वळून बघायला लागली. मग त्याचा आवाज खाली आला. "तिघंही जागे. तिघंही."

हिस्केनं मान खाली घातली. माफी मागावी असं तिला वाटलं, पण साठ वर्षांनी मागायची म्हणजे कुठल्या शब्दांत, ते सुचेना. वोप्के उठून जाईल असं तिला वाटलं. तो उठला नाही. त्यानं नाक शिंकरलं, रुमाल खिशात कोंबला.

"मग तो शुक्रवार सांग मला," तो म्हणाला. "पाणी गेल्यानंतरचा. सगळा सांग. मी सहा वर्षांचा होतो, माझे सगळे दिवस एकात एक मिसळलेत. किंमत मी मोजलीय, निदान काय घेतलंत ते तरी कळू दे."

हिस्केनं डोळे मिटले. शोधायची गरजच नव्हती, तो दिवस तिला कालच्यापेक्षा स्वच्छ आठवत होता. "सकाळी मेमनं धिरडी केली," ती म्हणाली. "शेवटचं डुकराचं मांस सगळं टाकून, काही राखून न ठेवता. वर काकवी. तू सात खाल्लीस. मग उकडायला लागलं, आणि मेम पाण्यात गेली. जन्मात पहिल्यांदा. झगा खोचून, किंचाळत. हेइत काठावर बसून हसत होते. मग ते उठले आणि तुला घेऊन गेले आत, कमरेएवढ्या पाण्यात. तुझ्या पोटाखाली तळहात धरला. म्हणाले, खाली पाण्याकडे नाही, माझ्याकडे बघ. तू हातपाय मारत होतास. मेम ओरडली, सिप्के, धर त्याला! आणि हेइत म्हणाले, धरलेलंच नाही मी त्याला, केव्हापासून."

वोप्केनं विचारलं, "ते त्या दिवशी?"

"त्याच दिवशी."

अंगणाच्या टोकाकडून नातीनं हाक मारली, आजोबा, चेंडू कौलावर गेला. "थांब गं जरा," वोप्के म्हणाला, तिच्याकडे न बघताच. त्यानं खुर्ची पुढे ओढली, हिस्केच्या गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत.

"मग?" तो म्हणाला. "दुपारी काय केलं?"